विकीचं रूपडं बदलायचंय, अध्यक्षांना मरून रंग हवाय. काय करू?

नवीपेठकर
मंडळी, सल्ला हवाय. आमच्या वाचनालयाचं एक विकी आहे, मीडियाविकीवर म्हणजे विकिपीडियाच्याच सॉफ्टवेअरवर चालतं, दोन वर्षं झाली. सोलापुरातल्या जुन्या गिरण्या, वेशी, वाडे, गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज, मागावरचे शब्द, कडक भाकरीपासून हुरड्यापर्यंत खाणंपिणं असं सगळं धरून सव्वाचारशे पानं झालीत. लिहिणारे नऊ जण, त्यातले नियमित तिघं.

आता वर्धापनदिन जवळ आलाय आणि परवाच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष म्हणाले, हे तर हुबेहूब विकिपीडियासारखं दिसतंय, लोकांना वाटेल आपण तिथून उचललं, आपलं काहीतरी वेगळं दिसलं पाहिजे. वेगळं म्हणजे काय, तर सगळ्या पानांच्या मागे तलावातल्या सिद्धेश्वर मंदिराचा फोटो, चादरीसारखं मरून बॅकग्राउंड, त्यावर पिवळी अक्षरं आणि वर 'सुस्वागतम' असं सरकणारं.

सध्या १.३९ आवृत्ती आहे, स्किन (म्हणजे थीम) जुनं व्हेक्टर. मला सीएसएस (रंगरूप ठरवणारा कोड) जेमतेम येतं, पीएचपी (मीडियाविकीचा मूळ कोड) बघितलं की मे महिन्यासारखा घाम फुटतो. नवीन थीम टाकू की आहे त्यातच रंगरंगोटी करू? बघणारे बरेचसे मोबाइलवरून बघतात हेही सांगून ठेवतो.

शेंगाचटणी
सरकणारं सुस्वागतम पाहिजेच बे. आणि खाली 'आपण आमचे इतकेवे पाहुणे'.

डबलचहा
आणि पान उघडलं की सनई.

विकीकाका
नवीपेठकर, चेष्टा चालू राहील, तुम्ही नीट ऐका. (नातवाने फोनमध्ये काहीतरी केलंय, इंग्रजी कळफलकच येत नाही, त्यामुळे फाइलींची नावंसुद्धा देवनागरीत लिहितोय, तुम्ही रोमनमध्ये टाका.)

मीडियाविकीत थीमला स्किन म्हणतात. पसंतीक्रमाच्या पानावर मराठी लावलंत तर तिथे चक्क 'त्वचा' लिहिलेलं दिसेल, पहिल्यांदा बघून मला वाटलं चुकून दवाखान्याचा फॉर्म उघडला. ती त्वचा प्रत्येक सदस्य आपापली वेगळी निवडू शकतो, मी स्वतः अजून मोनोबुक या जुन्या त्वचेवर आहे, २००४ पासूनची सवय. पुढे २०१० ला विकिपीडियावर व्हेक्टर आलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर नवीन व्हेक्टर सरसकट लागू केलं तेव्हा तिकडे भांडणं झाली ती वेगळीच.

तुमच्या हातात आत्ता काय आहे ते सांगतो. 'मीडियाविकी:कॉमन.सीएसएस' नावाचं एक पान विकीतच असतं. नेहमीच्या पानासारखं संपादन करायचं, त्यात लिहाल ते सगळ्यांना दिसतं, सर्व्हरला हात लावायची गरज नाही. डावीकडची यादी 'मीडियाविकी:साइडबार' या पानातून बदलते. संपादनाचं बटण दिसलं नाही तर घाबरू नका, २०१८ पासून या सीएसएसच्या पानांना इंटरफेस प्रचालक (ॲडमिन) हा वेगळा अधिकार लागतो, तो आधी स्वतःला द्या. नुसता प्रचालक असून चालत नाही. नव्वद टक्के रंगरंगोटी एवढ्यात होते.

दुसरी स्किन बघायची असेल तर ती बसवलेली असली की पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून यूजस्किन=टाइमलेस असं लिहा, फक्त तुमच्यापुरतं तसं दिसेल, बाकी कोणाला कळणारही नाही. आवडली तर लोकलसेटिंग्ज या सर्व्हरवरच्या सेटिंगच्या फाइलीत एक ओळ.

आणि स्किनच्या फोल्डरमधल्या मूळ फाइलींना हात लावू नका. कोणी कितीही सोपं आहे म्हणालं तरी.

सातरस्ता
काकांच्या शेवटच्या ओळीला माझ्याकडून साष्टांग नमस्कार.

मी आधीच्या नोकरीत होतो तिथे ऑफिसच्या आतलं एक विकी होतं, कंपनीचं नाव जाऊ दे. साहेबांना निळ्याच्या जागी कंपनीचा भगवट रंग पाहिजे होता. मला कॉमन.सीएसएस हा प्रकार माहीतच नव्हता, मी सरळ व्हेक्टरच्या फोल्डरमध्ये घुसून तीन दिवस बसून फाइली बदलल्या, लोगो हलवला, मेनू उजवीकडे नेला, इतकं भारी दिसत होतं की माझी पगारवाढ झाली (खोटं नाही सांगत, त्याच वर्षी झाली). सात महिन्यांनी सिक्युरिटीचं अपडेट आलं, दुसऱ्या पोराने रीतसर चढवलं, आणि सोमवारी सकाळी सगळं परत पांढरं-निळं. माझे तीन दिवस गेले, बॅकअप मी ठेवला नव्हता, आणि त्यात त्या पोराची काहीच चूक नव्हती तरी महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही.

पगारवाढ मात्र परत घेतली नाही.

उन्हाळी_पाहुणी
मूळची सोलापूरची, आता पुण्यात, अक्षरांचंच काम करते म्हणून राहवत नाही. रंगाचं नंतर बघा, आधी अक्षरं बघा, मराठी विकी वाईट दिसतं ते निम्म्या वेळा त्याच्यामुळे.

पहिलं म्हणजे तुमचा ल आणि श कसा दिसतोय ते बघा. मराठी ल आणि मराठी श वेगळे असतात, हिंदीत ल ला उभी दांडी चिकटलेली असते. चांगल्या फाँटात दोन्ही रूपं असतात, पण ब्राउजरला कळायला पाहिजे की हे पान मराठी आहे. लोकलसेटिंग्जमध्ये भाषेचा कोड 'एमआर' असेल तर पानावर तशी खूण लागते आणि नोटोसारखा फाँट आपोआप मराठी रूप उचलतो. बसवताना इंग्रजी ठेवून नंतर नुसता मजकूर मराठीत लिहिला असेल तर आयुष्यभर 'सोलापूर'मधला ल हिंदी. एक परिणाम सांगून ठेवते, भाषा मराठी केली की तारखा आणि आकडेही देवनागरी होतात, कोणाला नको असतील तर त्याची वेगळी सेटिंग आहे.

दुसरं, ओळींमधलं अंतर. स्किन्स लिहिलेल्या असतात रोमन अक्षरं डोळ्यासमोर ठेवून. आपल्याकडे वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरं, त्यामुळे शीर्षक दोन ओळींचं झालं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर बसतो. 'हुतात्म्यांची स्मृतिस्थळे आणि मूर्ती' असलं काहीतरी शीर्षक टाकून बघा म्हणजे कळेल. लाइन-हाइट मजकुराला १.७ च्या आसपास, शीर्षकाला १.४ तरी द्या.

तिसरं, कोणीतरी हौसेने शीर्षकाला लेटर-स्पेसिंग देतं. देऊ नका हो. शिरोरेषा तुटते, दात पडल्यासारखं दिसतं. आणि तिरकी अक्षरं जमतील तितकी टाळा, बऱ्याच देवनागरी फाँटांना खरी तिरकी अक्षरं नसतात, ब्राउजर नुसती वाकवून दाखवतो.

नवीपेठकर
पाहुणीताई, आत्ता जाऊन बघितलं. आमचा ल हिंदीच आहे. दोन वर्षं एकालाही दिसलं नाही, मी रोज बघतो मलाही नाही.

डबलचहा
आता मला सगळीकडे तेच दिसालंय. सकाळपासून दुकानांच्या पाट्या बघत हिंडालोय. पाहुणीताई, तुम्ही माझं नुकसान केलंत.

जकार्ड_मास्तर
आमचा घरचा धंदा चादरीचा, आजोबांच्या वेळेपासून माग आहेत, म्हणून चादरीसारखं म्हटल्यावर बोलणं भाग आहे. अध्यक्षांना रंग दिसतो, पण चादरीची खरी गंमत जकार्डात आहे. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडलेली असतात, भोक असेल तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा (उभ्या सुताचा) तेवढा दोरा उचलला जातो, नसेल तिथे नाही. माग तोच, सूत तेच, कार्डांची माळ बदलली की मोराच्या जागी कमळ. मला वाटतं हे स्किनचं तसंच असावं, पानं म्हणजे सूत आणि स्किन म्हणजे कार्डांची माळ.

विकीकाका
मास्तर, दृष्टान्त छान, पण पूर्ण बसत नाही. चादरीत नक्षी विणली की सुटत नाही, सूत आणि नक्षी एक होऊन जातात. विकीत लेख डेटाबेसमध्ये जसाच्या तसा राहतो, तुम्ही मोनोबुकने बघा की टाइमलेसने, लेखातलं अक्षरही हलत नाही. जुनी नक्षी परत आणता येते ती त्यामुळेच.

जकार्ड_मास्तर
तसं असेल तर काका, सोलापुरी चादर उलटी करून बघा. नक्षी तीच, रंग उलटे, दोन्ही बाजूंनी वापरा.

विकीकाका
हे मात्र मान्य. तो तुमचा डार्क मोड.

शेंगाचटणी
विकिपीडियाला डार्क मोड २०२४ ला मिळाला, आमच्या आजीच्या ट्रंकेत कधीचा घडी घालून ठेवलाय.

होटगीरोडचा
एवढं सगळं कशाला? डोकुविकी हे दुसरं विकी सॉफ्टवेअर टाका. डेटाबेस नाही, साध्या टेक्स्ट फाइली, तिथे थीमला टेम्प्लेट म्हणतात आणि रंग बदलायला ॲडमिनमध्येच पान आहे, तिथल्या तिथे बदलून बघता येतात. आमच्या सोसायटीचं पाण्याच्या टाक्यांचं वेळापत्रक त्यावरच आहे, सहा वर्षं झाली, एकदाही बंद पडलं नाही.

सातरस्ता
विकी बंद पडलं नाही, पाण्याचं बोला.

होटगीरोडचा
पाण्याचं नका काढू. आज पाचवा दिवस.

विकीकाका
डोकुविकी चांगलंच आहे, पण सव्वाचारशे पानं तिकडे नेताना साच्यांचं (पानापानांवर वापरलेल्या तयार चौकटींचं) काय करणार? रंगासाठी घर बदलू नये.

साखरपेठेतून
एक वेगळाच मुद्दा. आमच्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळा मराठी, सोलापूरकराला हे सांगायला नको. मीडियाविकीत लेख मराठीत ठेवून आजूबाजूची बटणं मात्र ज्याला पाहिजे त्या भाषेत दिसतात, पसंतीक्रमात भाषा निवडली की झालं. पण साइडबारमध्ये तुम्ही हाताने 'मुखपृष्ठ', 'अलीकडील बदल' असं लिहिलंत तर ते तेलुगूवाल्यालाही मराठीतच दिसणार. तिथे मूळ संदेशाची किल्लीच (विकीतलं त्या बटणाचं ठरलेलं इंग्रजी नाव) टाकायची, भाषांतर आधीच केलेलं असतं, ते आपोआप येतं. तुमचे स्वतःचे मथळे असतील, समजा 'पेठा आणि वेशी', तर त्या संदेशाच्या पानापुढे तिरकी रेघ मारून 'टीई' हा तेलुगूचा कोड लिहा आणि तिथे तेलुगू टाका. माझ्या सासऱ्यांनी सगळी बटणं तेलुगूत करून मराठी लेख वाचले, म्हणाले हे अगदी आपल्या घरासारखं आहे, सूचना तेलुगूत आणि गोष्टी मराठीत.

लालदुवा
सगळं वाचलं. मरून रंगाबद्दल कोणीच नीट बोललं नाही.

डबलचहा
मरूनवर पिवळं म्हणजे दिसणारच नाही, त्यात काय बोलायचं.

लालदुवा
नाही ना, तीच गंमत आहे. मी हिशोब करून बघितला. वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजेडाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावं असा वेबचा नियम आहे. पक्क्या मरूनवर पक्कं पिवळं टाकलं तर ते १० च्या वर जातं. म्हणजे अध्यक्ष साहेब चुकीचे नाहीत, अक्षरं चांगली दिसतील, तासभर वाचलं तर डोळ्यांतून पाणी येईल ही गोष्ट निराळी.

मार खातात ते दुवे. विकीचा निळा दुवा मरूनवर टाकला तर गुणोत्तर जेमतेम सव्वा. म्हणजे दुवा आहे हेच कळणार नाही. मग माणूस म्हणतो ठीक आहे, पार्श्वभूमी पांढरी ठेवतो, दुवे मरून करतो. ते तर त्याहून वाईट, कारण विकीत लाल दुव्याला अर्थ असतो, हे पान अजून कोणी लिहिलेलं नाही असा. मरून दुवा आणि लाल दुवा शेजारी शेजारी ठेवून बघा, चाळिशीच्या पुढच्या माणसाला दोन्ही सारखेच. लाल दुवा दिसतो म्हणून कोणीतरी त्यावर क्लिक करतं, रिकामी चौकट उघडते, आणि दोन ओळी लिहितं. मी स्वतः विकीवर असाच आलो, आमच्या गावच्या नावाचा दुवा लाल होता, राग आला म्हणून लिहायला बसलो (आयडी त्याच्यावरूनच). तर नवीपेठकर, सगळं रंगवा, पण दुव्यांचा निळा आणि लाल सोडून द्या.

उन्हाळी_पाहुणी
लालदुवा, हे फार महत्त्वाचं बोललात. हौशी थीम करणारे पहिला हात दुव्यांच्या रंगालाच घालतात.

सातरस्ता
आणि मंदिराचा फोटो मागे लावणार असाल तर तीन एमबीचा टाकू नका. मजकूर त्याच्यावर आला की फोटोही दिसत नाही आणि मजकूरही, फक्त नेटपॅक संपतो. फोटो मुखपृष्ठावर एकदाच, वर, छोटा करून.

शेंगाचटणी
कोणाला माहितीये का, विकी विकी म्हणजे हवाई बेटांच्या भाषेत लवकर लवकर. होनोलुलू विमानतळावरच्या बसचं नाव होतं म्हणे, त्यावरून त्या वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिल्या विकीला नाव दिलं.

डबलचहा
बरं झालं सोलापूरच्या सिटीबसवरून नाव नाही दिलं.

नवीपेठकर
दहा दिवसांनी येतोय, शिव्या घालू नका, काम चालू होतं.

आधी अपघात सांगतो. कॉमन.सीएसएसमध्ये मला विकिपीडियासारखी दिसणारी डावीकडची पट्टी लपवायची होती, तर कुठूनतरी चार ओळी उचलल्या आणि चुकीच्या वर्गाला 'डिस्प्ले नन' (म्हणजे दाखवू नको) लावलं. जतन केलं. अख्खं पान कोरं. संपादनाचं बटणही गेलं कारण तेही त्यातच होतं. रात्री साडेअकरा वाजले होते, बायको म्हणाली झोपा, मी म्हटलं दोन वर्षांचं काम गेलं. मग काकांना फोन केला (नंबर या धाग्यामुळेच मिळाला), ते जागे होते. म्हणाले पत्त्याच्या शेवटी सेफमोड=१ लाव. लावलं. सगळं सीएसएस बाजूला राहिलं आणि साधं विकी समोर आलं, इतिहासात जाऊन माझा बदल उलटवला. एकही पान कुठे गेलं नव्हतं.

त्यानंतर माझ्या बदलांचा परिणामच दिसेना, तर तो ब्राउजरचा कॅशे (साठवलेली जुनी प्रत), पाचेक मिनिटं थांबून कंट्रोल-एफ५ दाबलं की येतं. हे समजेपर्यंत एकच रंग अकरा वेळा बदलला होता.

आता काय केलं ते. भाषा मराठी केली, ल सुधारला. स्किन टाइमलेस घेतली. व्हेक्टर २०२२ सुद्धा बघितली पण दोन्हीकडची मोकळी जागा बघून खजिनदार म्हणाले एवढी जागा वाया का घालवली. टाइमलेस मोबाइलवर आपोआप आवरून बसते, वेगळं एक्स्टेन्शन लागलं नाही. आणि त्यात डोक्याच्या पट्टीखाली एक बारीक रंगीत रेघ असते, तीन तुकड्यांची, वेगवेगळ्या रंगांत. ती मी पूर्ण मरून केली आणि खाली पिवळ्याची एक केसाएवढी रेघ दिली. चादरीच्या काठासारखी. बाकी सगळं पांढरं. दुव्यांना हात लावला नाही.

जकार्ड_मास्तर
स्क्रीनशॉट बघितला. काठ जमलाय. पिवळा थोडा कमी भडक, हळदीकडे न्या.

शेंगाचटणी
अध्यक्ष काय म्हणाले पण? सुस्वागतमचं काय झालं?

नवीपेठकर
तेच सांगायचं राहिलं. रविवारी वाचनालयात त्यांच्याच फोनवर उघडून दिलं. चश्मा वर केला, खाली केला, म्हणाले अक्षरं मोठी झाली वाटतं. मी म्हटलं मोठी नाही, ओळींमधलं अंतर वाढवलं. बराच वेळ वाचत बसले. मरून पट्टीबद्दल अवाक्षर नाही, मंदिराच्या फोटोबद्दल नाही. मग एकदम विचारलं, हे 'जुनी मिल' लिहिलंय त्यात 'स्पिनिंग खातं' लाल का आहे, काही चुकलंय का? मी सांगितलं, अण्णा, ते पान कोणी लिहिलेलंच नाही. म्हणाले, कसं नाही लिहिलं, माझे वडील त्याच खात्यात होते, तीस वर्षं.

तेव्हापासून रोज व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट येते. आज सकाळपर्यंत चौदा झाल्या. सगळ्यात छोटी साडेसहा मिनिटांची आहे. टाइप कोण करणार?

लालदुवा
चार माझ्याकडे पाठवा.

साखरपेठेतून
तीन इकडे. मध्ये तेलुगू बोलले असतील तर त्याच द्या.

डबलचहा
मी दोन करतो. आणि सुस्वागतम?

नवीपेठकर
विचारलं नाही त्यांनी. मीही आठवण करून दिली नाही.